कोकणची बोट परत येईल, पण खाडीतून

देवरूख हे बंदर नव्हे. संगमेश्वर तालुक्याचे हे मुख्य गाव सह्याद्रीच्या पायथ्याला टेकलेले आहे आणि गावातून समुद्र दिसत नाही. तरीही देवरुखच्या जुन्या पिढीतील माणसांशी मुंबईच्या प्रवासाविषयी बोलावे, तर गोष्ट घाटाची निघत नाही, बोटीची निघते. बैलगाडीने, पुढच्या काळात एसटीने रत्नागिरी किंवा जयगड गाठायचे, बंदरावर ताटकळत बसायचे, बोटीचा भोंगा ऐकू आला की गाठोडी, फणस, आंब्याच्या करंड्या आणि पोरेबाळे सांभाळत पडावात उतरायचे आणि बराच वेळ डेकवर अंग टाकून अखेर भाऊच्या धक्क्यावर पाय टेकायचा. मार्लेश्वरच्या डोंगरात उगम पावणारी बावनदी शास्त्रीच्या खाडीला मिळते आणि ती खाडी जयगडला समुद्रात शिरते. देवरुखची माणसेही पाण्याच्याच वाटेने जगात जात, असे म्हटले तरी चालेल.

ती बोट आता नाही. बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या आणि 'माझी आगबोट कंपनी' या लाडक्या नावाने ओळखल्या गेलेल्या स्वदेशी कंपनीच्या आगबोटी हर्णे, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, जैतापूर, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले अशी बंदरे घेत जात. स्वातंत्र्यानंतरही ही सेवा अनेक वर्षे टिकली आणि १९८०च्या दशकात मावळली. रस्ते सुधारले होते, रातराणी एसटी गावात येत होती आणि २६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग खुला झाल्यावर तर बोटीची आठवण काढण्याचे व्यवहारी कारणही उरले नाही. मधल्या काळात, १९९०च्या दशकात, दमानिया कंपनीची वेगवान कॅटामरान मुंबई-गोवा मार्गावर धावली. २०१८ मध्ये 'आंग्रिया' ही आरामनौका त्याच मार्गावर निघाली. दोन्हींचा गाजावाजा झाला. दोन्ही टिकल्या नाहीत.

आता बोटीचा विषय पुन्हा निघू लागला आहे आणि या वेळी तिच्यामागे 'विजेवर चालणारी' हे विशेषण लागले आहे. केरळात विजेवरच्या कॅटामरान बेटांना शहराशी जोडत आहेत, नॉर्वेत त्या फियॉर्ड ओलांडत आहेत. मग कोकणात का नकोत, हा प्रश्न रास्त आहे. परंतु त्याचे उत्तर 'हवी' किंवा 'नको' असे एका शब्दात देता येत नाही. कोणत्या पाण्यावर, किती अंतरासाठी आणि कोणत्या वेगाने, हे आधी ठरवावे लागते. ते न ठरवता सार्वजनिक पैसा घातला, तर चांगली बोट चुकीच्या मार्गावर अपयशी ठरेल आणि 'विजेची बोट आपल्याकडे चालत नाही' असा शिक्का तिच्यावर कायमचा बसेल. दमानियाच्या बोटीनंतर 'कोकणात जलप्रवास चालत नाही' असा शिक्का बसलाच होता.

दोन बुडांची बोट

'कॅटामरान' हा शब्द युरोपीय वाटतो, पण मूळ तमिळ आहे. 'कट्टुमरम' म्हणजे बांधलेले लाकूड. कोरोमंडल किनाऱ्यावरचे कोळी ओंडके एकमेकांना बांधून त्यावर समुद्रात जात. त्या तराफ्याचे नाव इंग्रजांनी उचलले आणि पुढे ते भलत्याच प्रकारच्या बोटीला, म्हणजे दोन समांतर बुडांवर एक डेक तोलणाऱ्या बोटीला चिकटले. खरे तर त्या रचनेच्या जवळची वस्तू आपल्या किनाऱ्यावर आहे. रत्नागिरी-मालवणकडच्या छोट्या होडीला एका बाजूस दोन आडव्या दांड्यांवर तरंगते लाकूड बांधलेले असते. ती उलांडी. उलांडी लावलेली अरुंद होडी सहजी कलंडत नाही, कारण तिचा आधार होडीच्या रुंदीपुरता न राहता उलांडीपर्यंत पसरतो. कॅटामरानमध्ये उलांडीच मोठी होऊन दुसरे बूड झाली आहे, असे समजावे.

या पसरट आधाराचे मोल कोकणाला निराळे सांगावे लागू नये. १७ जुलै १९४७ रोजी, गटारी अमावास्येच्या दिवशी, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट काश्याच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे बुडाली. वादळी पावसात प्रवासी एका बाजूला सरकले आणि बोट कलली, असे तेव्हापासून सांगितले जाते. त्याआधी ११ नोव्हेंबर १९२७ या एकाच दिवशी 'जयंती' आणि 'तुकाराम' या दोन बोटी वादळात गेल्या होत्या. एका बुडाच्या अरुंद बोटीत माणसांची गर्दी एकीकडे झाली की जे घडते, ते दोन बुडांच्या बोटीत घडवायला पुष्कळ अधिक गर्दी लागते. अर्थात कोणतीही रचना निष्काळजीपणावरचा उतारा नव्हे. १८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' लाँचवर नौदलाची वेगवान बोट आदळली. त्या अपघातात बोटीला किती बुडे होती हा प्रश्न गौण होता. जीवरक्षक जाकिटे अंगावर होती की नव्हती, हा खरा होता.

विजेच्या बोटीला कॅटामरानच का आवडते, याचे कारण स्थैर्यापेक्षा वेगळे आहे. बोट पाण्यातून जाताना दोन गोष्टींशी झगडते: तळाला घासणाऱ्या पाण्याशी आणि स्वतःच उठवलेल्या लाटेशी. बूड जितके रुंद, तितकी लाट मोठी, आणि ती लाट उठवण्यात शक्ती वाया जाते. कॅटामरानची दोन्ही बुडे लांब आणि निमुळती असतात. ती पाणी ढकलत नाहीत, कापतात. त्यामुळे तेवढीच माणसे तेवढ्याच वेगाने नेण्यास कमी शक्ती लागते. शिवाय मोठे, सपाट छप्पर मिळते आणि त्यावर सौर पट्ट्या बसवता येतात. उथळ पाण्यातही ती चालते, आणि गाळाने भरलेल्या आपल्या खाड्यांच्या दृष्टीने हा गुण सर्वांत मोलाचा आहे.

दोषही सांगितले पाहिजेत. दोन बुडांमधल्या डेकच्या खालच्या अंगावर मोठी लाट आपटली की सारी बोट हादरते. ती संथपणे झुलत नाही, झटके देते. जुन्या आगबोटीवर ज्यांना 'बोट लागत' असे, त्यांना उघड्या समुद्रात कॅटामरान अधिकच लागण्याची शक्यता आहे.

वजनाचा हिशेब

विजेची बोट ही काही कालची कल्पना नाही. गुस्ताव त्रुव्हे या फ्रेंच संशोधकाने १८८१ मध्ये पॅरिसच्या सीन नदीत विजेच्या मोटारीवर बोट चालवून दाखवली होती. तिच्यानंतर शंभराहून अधिक वर्षे ही कल्पना मागे पडली ती बॅटरीच्या वजनामुळे, आणि आजही सारा प्रश्न त्याच वजनापाशी येऊन थांबतो.

हा हिशेब घरच्या वीजबिलाच्या भाषेत, युनिटमध्ये, मांडता येतो. एक लिटर डिझेल जाळले तर बोटीच्या पंख्यापर्यंत साधारण चार युनिट एवढे काम पोचते. बाकीचे उष्णता होऊन जाते. त्या लिटरचे वजन किलोपेक्षाही कमी. उलट, बोटीवर बसवायची बॅटरी तिच्या पेट्या, थंड ठेवण्याची व्यवस्था आणि सुरक्षेची साधने धरून दर युनिटमागे सहा ते दहा किलो भरते. विजेची मोटार इंजिनापेक्षा फार काटकसरी आहे हे धरूनही, तेवढ्याच कामासाठी बॅटरीचे वजन डिझेलच्या तीस-चाळीस पट होते. रस्त्यावरच्या गाडीला हे खपते. बोटीला खपत नाही, कारण वजन वाढले की बूड अधिक बुडते, घर्षण वाढते, शक्ती जास्त लागते, म्हणजे पुन्हा आणखी बॅटरी.

दुसरी अडचण वेगाची. पाण्यात वेग दुप्पट करायचा तर लागणारी शक्ती ढोबळमानाने आठपट होते. म्हणून संथ चालणारी विजेची बोट थक्क करण्याइतकी स्वस्त पडते आणि धावणारी तितकीच महाग.

आता मुंबई-रत्नागिरी घ्या. समुद्रमार्गे हे अंतर सुमारे १२० सागरी मैल, म्हणजे २२० किलोमीटरच्या आसपास आहे. नॉर्वेतील स्टाव्हांगर शहराजवळ २०२२ पासून 'मेडस्ट्राउम' ही विजेवरची वेगवान कॅटामरान बेटांकडे प्रवासी नेते. ३१ मीटर लांब, सुमारे दीडशे प्रवासी, २३ नॉटचा वेग, बॅटरी सुमारे दीड हजार युनिटची. एका चार्जिंगमध्ये ती या वेगाने तासभर जाऊ शकते. तीच बोट रत्नागिरीला न्यायची तर पाच तासांहून अधिक लागतील आणि राखीव काहीही न ठेवता साडेसात हजार युनिटची बॅटरी हवी. वजन ४५ ते ७५ टन! दीडशे प्रवाशांचे एकत्रित वजन दहा-अकरा टन भरते, हे लक्षात घेतले म्हणजे ही बोट माणसांपेक्षा बॅटरीचीच वाहतूक करील, हे उघड आहे. संथ जायचे म्हटले तर केरळातील सौरबोटीच्या साडेपाच नॉट वेगाने रत्नागिरी गाठायला बावीस तास लागतील. तेवढ्यात कोकणकन्या मडगावला जाऊन मुंबईकडे परत निघालेली असेल.

मोठी बोट बांधून हा प्रश्न सुटतो का? ऑस्ट्रेलियाच्या टास्मानियात इनकॅट या कंपनीने मे २०२५ मध्ये 'चायना झोरिला' ही १३० मीटर लांबीची विजेवरची कॅटामरान पाण्यात उतरवली. दोन हजारांहून अधिक प्रवासी, सव्वादोनशे गाड्या, ४० हजार युनिटची बॅटरी आणि त्या बॅटरीचे वजन अडीचशे टनांवर. एवढी प्रचंड बोट कोणत्या मार्गासाठी बांधली? अर्जेंटिनाच्या ब्यूनोस आयरेसहून रिओ दे ला प्लाता ओलांडून उरुग्वेच्या किनाऱ्याला जाण्यासाठी. अंतर पन्नास-पंचावन्न किलोमीटर. जगातली सर्वांत मोठी बोट-बॅटरी आज इतकेच अंतर कापण्याच्या भरवशावर बांधली जाते, यातून घ्यायचा तो बोध आपण घ्यावा.

वैकोमची 'आदित्य'

उलट बाजूचे उदाहरण जवळच, केरळात आहे. वेंबनाड सरोवराच्या दोन काठांवरील वैकोम आणि तवणक्कडवु यांच्यामध्ये १२ जानेवारी २०१७ रोजी 'आदित्य' ही सौरबोट सुरू झाली. ती कॅटामरानच आहे. लांबी २० मीटर, रुंदी ७ मीटर, प्रवासी ७५. छपरावर २० किलोवॉटच्या सौर पट्ट्या, पोटात ५० युनिटची बॅटरी आणि प्रत्येकी २० किलोवॉटच्या दोन मोटारी. फेरी अडीच-तीन किलोमीटरची, पंधरा मिनिटांची; दिवसाला बावीस फेऱ्या. बॅटरी लहान आहे, हेच तिचे कौशल्य. चांगल्या उन्हात एक किलोवॉटची सौर पट्टी दिवसाला सुमारे चार युनिट देते. म्हणजे छप्परच रोज ऐंशीएक युनिट कमावते. संथ, हलक्या, दोन बुडांच्या बोटीला दिवसभराच्या कामाचा बराचसा वाटा त्यातून मिळतो आणि उरलेले रात्री धक्क्यावर भरून घेता येते. केरळ सरकारचे जलवाहतूक खाते ही बोट चालवते. तिकीट सामान्य माणसाला परवडेल असे. ही सहलीची बोट नाही. भाजीवाल्यांची, कारकुनांची आणि शाळकरी मुलांची आहे. तिची कल्पना पुढे नेणाऱ्या संदीत तंडाशेरी यांच्या 'नवऑल्ट' कंपनीनेच पुढे माझगाव डॉकसाठी 'बाराकुडा' ही अधिक वेगवान सौर-विद्युत बोट बांधली. १४ मीटर लांब, बारा प्रवाशांची, साडेबारा नॉट वेगाची ही बोट डिसेंबर २०२३ मध्ये पाण्यात उतरली. मुंबई बंदरात अशा बोटी चालू शकतात की नाही, या शंकेचे उत्तर देण्यास ती पुरेशी आहे.

कोची वॉटर मेट्रो ही याहून मोठी उडी. २५ एप्रिल २०२३ रोजी तिचे उद्घाटन झाले. कोचीन शिपयार्डने बांधलेल्या अॅल्युमिनियमच्या कॅटामरान, प्रत्येकी शंभर प्रवाशांच्या. योजना ७८ बोटींची, ३८ धक्क्यांची, दहा बेटांना शहराशी जोडणारी. या बोटींत लिथियम टायटनेट प्रकारची बॅटरी आहे. ती वजनाला जड आणि किमतीला महाग, पण दहा-पंधरा मिनिटांत भरते आणि पेट घेण्याचा धोका तिच्यात कमी. शिवाय जोडीला डिझेल जनित्र ठेवलेले आहे. शुद्धतावाद्यांना हे जनित्र खटकते. मला ते शहाणपणाचे वाटते. बेटावरच्या आजारी माणसाला इस्पितळात न्यायचे असेल तेव्हा बोट निघालीच पाहिजे, ती कशावर निघाली हा प्रश्न दुसऱ्या दिवशी विचारावा.

कोचीकडून घ्यायचा खरा धडा मात्र बोटीत नाही, धक्क्यात आहे. तेथील धक्के तरंगते आहेत. भरती-ओहोटीबरोबर ते वर-खाली होतात आणि बोटीचा डेक व धक्का एका पातळीवर राहतात. चाकाच्या खुर्चीतला माणूसही विनासायास आत जातो. आपल्या जुन्या बोटसेवेचे दुखणे नेमके हेच होते. आगबोट बंदराबाहेर नांगर टाकून उभी राही, प्रवासी पडावात उतरत आणि लाटेवर हिंदकळणाऱ्या पडावातून बोटीच्या शिडीवर चढत. म्हाताऱ्याकोताऱ्यांना अक्षरशः उचलून द्यावे लागे. दारात एसटी येऊ लागल्यावर हा द्राविडी प्राणायाम कोण करील? बोटसेवा आगबोटीच्या इंजिनाने मारली नाही, तिला चांगला धक्का मिळाला नाही म्हणून ती मेली, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही. आणि कोचीत भरती-ओहोटीतला फरक जेमतेम मीटरभराचा. कोकणात तो त्याच्या दुप्पट-तिप्पट, तर मुंबईत उधाणाच्या दिवशी चार-पाच मीटरपर्यंत जातो. तरंगत्या धक्क्याची गरज आपल्याला अधिक आहे.

गावाची वीज आणि बोटीची भूक

धक्क्यावर वीजही हवी, आणि ती साधी नव्हे. पंधरा मिनिटांत बोट भरायची तर त्या पंधरा मिनिटांत शेकडो किलोवॉटचा भार एकदम पडतो. आपल्या खाडीकाठच्या गावांत पंप सुरू झाला की दिवे मंद होतात. तेथे हे कसे जमावे? ही अडचण नॉर्वेलाही आली होती. मे २०१५ मध्ये सोग्नेफियॉर्डवर लावीक आणि ओपेदाल या दोन गावांमध्ये 'अँपिअर' ही गाड्या वाहून नेणारी जगातली पहिली पूर्ण विजेवरची तर सुरू झाली. ८० मीटर लांब, अॅल्युमिनियमची कॅटामरान; १२० गाड्या, ३६० माणसे; अंतर ५.७ किलोमीटर, वेळ वीस मिनिटे, दिवसाला ३४ फेऱ्या. दोन्ही गावे लहान, तेथील वीजवाहिनी अशक्त. मग अभियंत्यांनी दोन्ही धक्क्यांवर २६० युनिटच्या बॅटऱ्या बसवल्या. बोट फियॉर्ड ओलांडत असताना या बॅटऱ्या गावच्या तारेतून सावकाश भरतात आणि बोट लागली की आपले सारे तिला ओतून देतात. आपल्या परसातल्या पाण्याच्या टाकीसारखेच हे आहे: नळ बारीक असला तरी टाकी भरून ठेवली की बादली झटकन भरते.

नॉर्वेने चुकाही पाहिल्या आहेत. ऑक्टोबर २०१९ मध्ये तेथील 'इटरॉयनिंगेन' या बॅटरी-डिझेल तरीवर बॅटरीच्या खोलीत आग लागली आणि दुसऱ्या दिवशी साठलेल्या वायूचा स्फोट झाला. बॅटरीची आग पाण्याच्या फवाऱ्याने विझली असे वाटले तरी आत धुमसत राहते. खारे पाणी, दमट हवा आणि दुरुस्तीची चालढकल ही आपल्या किनाऱ्यावरची नित्याची परिस्थिती आहे. तेव्हा बोट घेण्याच्या निविदेत बोटीबरोबर बॅटरीची निगा, प्रशिक्षित माणसे आणि अग्निशमनाची तयारी यांचाही दाम धरला गेला पाहिजे. तो सहसा धरला जात नाही.

जयगडची खाडी आणि बेटे

मग कोकणात हे बसते कोठे? गेल्या वीस-पंचवीस वर्षांत कोकणात कोणता जलप्रवास टिकला ते पाहावे, म्हणजे उत्तर आपोआप मिळते. २००३ मध्ये दाभोळ आणि धोपावे यांच्यामध्ये गाड्या वाहणारी फेरीबोट सुरू झाली. गुहागर आणि दापोली यांच्यामधला लांबलचक वळसा वाचला आणि लोकांनी ती लगेच आपलीशी केली. मागोमाग जयगड-तवसाळ, वेसवी-बागमांडला, आगरदांडा-दिघी अशा फेऱ्या आल्या. मार्च २०२० मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो सुरू झाली. टिकले ते सारे खाडी ओलांडणारे किंवा तासाभराच्या आतले. न टिकलेले ते मुंबई-गोव्यासारखे लांबचे. विजेच्या कॅटामरानला जे अंतर मानवते, नेमके त्याच अंतरावर कोकणच्या माणसाला आजही बोट हवी आहे. असा योग नेहमी येत नाही.

जयगड-तवसाळचीच गोष्ट घ्या. फेरी काही मिनिटांची, दिवसभर ये-जा, दोन्ही टोकांना थोडा विसावा. मोसमी वाऱ्यांच्या काळात उघड्या समुद्रातली प्रवासी वाहतूक जवळजवळ तीन महिने बंद असते. खाडीतल्या तरी मात्र पावसाळ्यातही हवा फारच बिघडली नाही तर चालू राहतात. महागडी बॅटरी वर्षाचा चौथा भाग धक्क्यावर पडून राहिली तर तिचा खर्च कधी भरून निघणार? खाडीत ती बारमाही कमावते. 'अँपिअर'सारखी मोठी बोटसुद्धा एका फेरीला दीड-दोनशे युनिट खाते. जयगडची तर तिच्यापुढे लहान.

येथे एक कडवट तपशील नजरेआड करू नये. जयगडलाच १२०० मेगावॉटचे कोळशावर चालणारे वीजकेंद्र आहे. तेथे भरलेली बोट खाडीत धूर सोडणार नाही, पण तिची वीज मुख्यतः कोळशाचीच असेल. तरीही फायदा उरतो: बोटीच्या मागे डिझेलचा तवंग राहत नाही, इंजिनाचा खडखडाट नाही आणि कालवे-शिंपल्यांवर जगणाऱ्या खाडीकाठच्या बायकांच्या दृष्टीने तवंग नसणे ही केवळ सौंदर्याची बाब नव्हे. छपरावर आणि धक्क्याच्या शेडवर सौर पट्ट्या टाकल्या तर कोळशाचा वाटा आणखी घटेल. मात्र 'प्रदूषणमुक्त' हा शब्द जाहिरातीत वापरण्याआधी हिशेब मांडलेला बरा.

बेटांचे गणितही असेच जुळते. गेटवेपासून घारापुरी दहा-अकरा किलोमीटर. डिझेल लाँच तिथे तासाभरात पोचते. कोचीच्या बोटीला आठ नॉट वेगाने तेवढे अंतर पाऊण तासाचे. बंदरातले पाणी तुलनेने शांत. आणि घारापुरीला फेब्रुवारी २०१८ मध्ये समुद्राखालून साडेसात किलोमीटरची वीजवाहिनी टाकून वीज पोचली. स्वातंत्र्यानंतर सत्तर वर्षे कंदिलावर राहिलेल्या राजबंदर, शेतबंदर आणि मोराबंदरच्या लोकांना सायंकाळची लाँच सुटली की मुंबई समोर दिसत असून तुटते. रात्री बेटावरच उभी राहणारी, तिथेच चार्ज होणारी आणि अडीअडचणीला निघणारी बोट त्यांच्यासाठी पर्यटकांच्या सोयीपेक्षा मोठी गोष्ट ठरेल. मालवणहून सिंधुदुर्ग आणि हर्णेहून सुवर्णदुर्ग ही अंतरे तर याहून किरकोळ. तिथे मोठी कॅटामरान आणण्याची गरजच नाही. छोट्या होड्यांची इंजिने बदलली तरी पुरे. राजपुरीहून जंजिऱ्याला जाणाऱ्या शिडाच्या होड्या वाऱ्यावर चालतात. त्यांना कोणी विजेचा उपदेश करू नये. त्या आधीच पुढे आहेत.

या सर्वांत तांडेल, खलाशी आणि लाँचमालक यांचे काय, हा प्रश्न निविदा काढणाऱ्यांच्या कागदावर बहुधा शेवटी येतो. तो आधी यावा. नव्या बोटी बाहेरच्या एखाद्या कंपनीने चालवायच्या आणि पिढ्यान्‌पिढ्या त्या पाण्यात वावरलेल्यांनी धक्क्यावर पाणी विकायचे, अशी वाटणी झाली तर बोटीला विरोध होईल, आणि तो योग्यच असेल. खाडीच्या मुखाशी वाळूचा दांडा यंदा कुठे सरकला आहे, हे त्यांनाच माहीत असते. विजेची मोटार चालवायला शिकणे महिन्याभराचे काम आहे. दांडा ओळखायला जन्म जातो.

आणि देवरूख? शास्त्रीच्या खाडीतून एकेकाळी गलबते थेट संगमेश्वरपर्यंत येत. डोंगर उघडे पडले, माती वाहून आली, पात्र गाळाने भरत गेले आणि बंदर खाली फुणगूसकडे सरकले. पुढे तेही ओस पडले. आज त्या पाण्यात मोठी बोट घालता येणार नाही. पण पाण्यात मीटरभरही न बुडणारी, पन्नास-पाऊणशे माणसांची, संथ चालीची दोन बुडांची बोट भरतीची वेळ साधून जयगडहून वर फुणगूसपर्यंत येऊ शकेल का, हे पाहण्यासारखे आहे. त्यासाठी आधी खाडीची खोली ठिकठिकाणी मोजावी लागेल, वर्षभराच्या भरतीची वेळापत्रके मांडावी लागतील, गाळ कुठे काढावा आणि कुठे त्याला हात लावू नये हे ठरवावे लागेल. हे काम कमी खर्चाचे आहे, त्यात उद्घाटनाची फीत नाही, आणि म्हणूनच ते रखडण्याचा धोका सर्वांत अधिक आहे. बोटीची निविदा त्यानंतर काढता येईल.